जुन्या घराची लाकडी गॅलरी सडली: फळ्या बदलायच्या की तोडून स्लॅब टाकायचा?

तुमचं सगळं वाचलं भाऊ. नागपूरच्या महाल भागातलं आजोबांच्या वेळचं घर, खालच्या ओट्यावरून वर गेलेले सागवानी खांब, त्यावर पहिल्या मजल्याची 16 बाय 4 फुटाची लाकडी गॅलरी, वर कवेलूचं छप्पर. मागच्या आठवड्यात कपडे वाळत घालताना आईंचा पाय फळीतून घोट्यापर्यंत खाली गेला, नशीब फक्त खरचटलं. आता मिस्त्री म्हणून राहिला की सगळं तोडा, स्लॅब टाकून देतो, आणि सुतार म्हणतो चार फळ्या बदलतो, दोन दिवसात मोकळे. तुम्ही विचारलं कोणाचं ऐकू. माझं म्हणाल तर दोघांचंही नका ऐकू. मी 30 वर्षांच्या वर जुन्या घरांचं लाकूडकाम करून राहिलो, त्याआधी वडील करत होते, आणि एक सांगतो, ऐंशी वर्षं टिकलेली सागवानाची फळी एका दोन वर्षात उगाच सडत नाही. कुठून तरी पाणी येऊन राहिलं. ते आधी शोधा, मग लाकडाला हात लावा.

पहिला प्रश्न माझा हाच, कूलर कुठे ठेवता? नव्वद टक्के घरात उत्तर एकच असतं, गॅलरीत, खिडकीला लावून. बाप्पा, नागपुरात लाकडी गॅलरीचा पावसाळ्यापेक्षा मोठा वैरी कूलर आहे. पाऊस पडतो, दोन दिवस उघडतो, लाकूड सुकतं. कूलर मार्चच्या शेवटापासून जूनच्या पाण्यापर्यंत रोज टपटप करतो, टाकी ओव्हरफ्लो होते, गवताच्या ताट्यांतून शिंतोडे उडतात, आणि खालचं लाकूड तीन महिने ओलंच राहतं, तेही ऐन उन्हाळ्यात, म्हणजे बुरशीला पाह्यजे तसं ऊबदार. लाकडात साधारण 20 टक्क्याच्या खाली ओल असेल तर त्याला कुजवणारी बुरशी वाढत नाही, त्याच्या वर बराच काळ राहिली की सुरू होते, इतका साधा हिशेब आहे. बाकी उन्हाळ्यात आपल्याकडचं लाकूड सहा सात टक्क्यावर येतं, भर पावसात पंधरा सोळापर्यंत जातं, म्हणजे नुसत्या हवेने फळी कुजतच नाही. कूलर नसेल तर कुंड्या बघा, कुंड्या नसतील तर वरच्या कवेलूची पन्हळ बघा, दोन छपरं जिथे भेटतात तिथली पत्र्याची नाली गंजलेली असते आणि धार बरोबर भिंतीलगतच्या फळीवर पडते.

अजून एक, कोणी मधल्या काळात फळ्यांवर सिमेंट घालून टाइल्स तर नाही बसवल्या ना? किंवा खालून कड्यांना, म्हणजे फळ्या पेलणाऱ्या आडव्या लाकडांना, प्लायवूड मारून सीलिंग? हे दोन्ही प्रकार मी इतवारीत, महालात शेकड्याने पाहिले. लाकडाला वरून खालून कोंडलं की आत गेलेलं पाणी बाहेर यायला रस्ताच नाही. जुन्या लोकांनी कडीपाट, म्हणजे कड्या आणि फळ्यांचा फ्लोअर, खालून उघडा ठेवला होता तो काही पैसे नव्हते म्हणून नाही.

आता तपासणी. एक जुना पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्या, टोकदार असला तर उत्तम, आणि खालच्या ओट्यावर स्टूल घेऊन उभे राहा. वरून नका तपासू, वरून फळी रंगाने झाकलेली असते आणि तुम्ही सडक्या लाकडावर उभे असता. खालून प्रत्येक कडीला, विशेषतः भिंतीत घुसते त्या टोकाला आणि पुढच्या तुळईवर, म्हणजे खांबांवरच्या मोठ्या आडव्या लाकडावर, टेकते त्या टोकाला, पेचकस जोर लावून टोचा. चांगल्या सागवानात दोन तीन मिलिमीटरच्या पुढे जाणार नाही, हाताला झटका बसेल, आवाज टणक येईल. सडकं असेल तर लोण्यात सुरी जावी तसा जातो आणि काढताना भुसा येतो. मग तो भुसा नीट बघा, त्यावरून रोग कळतो. तपकिरी, लहान लहान चौकोनी भेगा पडलेलं, चुरगाळलं की पीठ होणारं म्हणजे बुरशीची कूज. आत थर थर उरलेत आणि थरांत माती भरलीय, भिंतीवर मातीच्या नळ्या चढल्यात, म्हणजे वाळवी. बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी पांढरी धूळ, म्हणजे भुंगेरा, तो सागवानाच्या पांढुरक्या भागात राहतो, गाभ्याला सहसा शिवत नाही. तिघांचा इलाज वेगळा. कूज असेल तर पाणी बंद करणं हाच अर्धा इलाज. वाळवी असेल तर वरची फळी बदलून काहीच होत नाही, ती जमिनीतून भिंतीच्या मातीतून वर आलेली असते, खाली जोत्यालगत औषध द्यावं लागेल. क्लोरोपायरीफॉस 20 ईसी, एक लिटरला 19 लिटर पाणी, भिंतीच्या कडेने फूट फूट अंतरावर भोकं पाडून. वाड्यात विहीर असेल आणि तिचं पाणी अजून कोणी वापरत असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला आधीच सांगा, विहिरीजवळ हे औषध ओतायचं नाही.

इथे माझी एक चूक सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी इतवारीतल्या एका घरी तुमच्यासारखंच काम होतं, मालकाला घाई, घरात लग्न, मला म्हणाले फक्त फळ्या बदलून द्या. मी पण बदलल्या. नवीन बल्लारशाचा सागवान, सुंदर रंधा मारून, पॉलिश करून. कड्या वरून ठोकून पाहिल्या, आवाज बरा वाटला, भिंतीतली टोकं काही उकरली नाहीत. तीन वर्षात पूर्ण गॅलरी भिंतीकडे दोन इंच खचली, फळ्या एकदम नव्याकोऱ्या आणि कड्यांची टोकं भिंतीच्या आत भिजवलेल्या बिस्किटासारखी. फुकटात परत करून दिलं, अजून काय करणार. तेव्हापासून कोणी कितीही घाई करो, प्रत्येक कडीचं भिंतीतलं टोक पाहिल्याशिवाय मी फळी विकतच आणत नाही.

स्लॅबचं आता बोलू. तुमचा मिस्त्री खोटं बोलत नाही, स्लॅब टाकता येतो, पण वजनाचा हिशेब त्याने केला नाही. तुमची गॅलरी 64 चौरस फूट, म्हणजे साधारण सहा चौरस मीटर. चार इंची आरसीसी स्लॅब चौरस मीटरला अडीचशे किलो, वर फरशी आणि मसाला पकडला तर तीनशे, म्हणजे पावणेदोन दोन टन. आजचा लाकडी फ्लोअर, फळ्या आणि कड्या मिळून, अडीचशे किलोच्या आसपास असेल. सात आठ पट वजन तुम्ही कोणाच्या डोक्यावर ठेवणार? त्याच खांबांच्या, ज्यांचे पाय ओट्यावर दगडावर नुसते टेकलेत, आणि त्याच भिंतीच्या, जी मातीत बांधलेल्या विटेची आहे. करायचंच असेल तर पाया खोदून नवे कॉलम उभे करावे लागतील, इंजिनिअरकडून डिझाइन घ्यावं लागेल, म्हणजे ती दुरुस्ती राहिली नाही, नवीन बांधकाम झालं. लोखंडी चॅनलच्या कड्या टाकून वर लाकडी फळ्या, हा मधला मार्ग आहे, मी स्वतः दोन ठिकाणी केला, वाईट नाही, पण पावसात लोखंड थंड पडून त्याला दव सुटतं आणि फळीच्या पोटाला ओल लागते, म्हणून मधे डांबरी कागदाची पट्टी पाह्यजेच.

तुमचं नशीब चांगलं की गॅलरीला बाहेरून खांब आहेत. काही घरात खोलीतली कडीच भिंतीतून आरपार बाहेर येते आणि त्या बाहेर आलेल्या भागावर गॅलरी लटकते, भिंतीचं वजन तिला दाबून धरतं. तिथे बाहेरून कडी कापून नवीन जोडली तर ती उभीच राहणार नाही, आतल्या खोलीचा फ्लोअर उघडून बाहेर जितकी निघाली त्याच्या निदान दीडपट दुप्पट आत जोडकडी न्यावी लागते. तुमच्याकडे ते नसावं, पण एकदा आतल्या खोलीच्या कड्या आणि बाहेरच्या कड्या एका रेषेत आहेत का ते बघून घ्या.

काम सुरू करताना सगळ्यात आधी टेकू. वरच्या कवेलूच्या छपराचे खांब गॅलरीच्या पुढच्या तुळईवर उभे असणार, फळ्या काढताना तुळई हलली तर वरचं छप्पर अंगावर. म्हणून तुळईखाली दर चार पाच फुटावर बल्ली नाहीतर लोखंडी प्रॉप, खाली फळीचा तुकडा, वर पाचर. खचलेली बाजू उचलायची असेल तर जॅकने रोज फार तर पाव इंच, एका दिवसात नाही, एका दिवसात उचललं की वरच्या भिंतीला तडा जातो आणि कवेलू सरकतात. घाई करणाऱ्या सुताराला इथेच ओळखायचं.

फळ्या काढताना सब्बल मारून तोडू नका. जुने चौकोनी खिळे असतील, ते खालून हळूच ठोकून वर काढता येतात. फळी उचलली की तिची खालची बाजू बघा, बऱ्याच घरात पटाशीने कोरलेल्या खुणा असतात, एक रेघ, दोन रेघा, काट मारलेली रेघ. सुताराने खाली जमिनीवर जुळवून वर त्याच क्रमाने बसवल्याची ती खूण. महालातल्याच एका घरी अकरावी आणि बारावी फळी उलटसुलट लागलेली सापडली होती मला, ऐंशी वर्षं कोणाच्या लक्षात नाही आलं, तेवढ्याच जागी फट होती. फोटो काढून ठेवा, नंबर टाका. ज्या फळ्या फक्त एका टोकाला सडल्यात त्या कापून आतल्या खोलीत किंवा दुसरीकडे वापरता येतात, जुना सागवान भंगारात देऊ नका, तसा आता मिळत नाही.

जुना रंग घासताना मशीन लावून कोरडा नका घासू. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याच्या आधीचा रंग धोक्याचाच धरा. ओला करून खरवडा, मास्क लावा, घरात लहान पोरं असतील तर तो कचरा लगेच पोत्यात बांधा.

कड्यांचं असं, टोक सडलं आणि बाकी कडी ठणठणीत असेल तर पूर्ण बदलायची गरज नाही. सडका भाग कापायचा, चांगलं लाकूड लागल्यावर अजून फूटभर पुढे जाऊन, कारण बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. मग बाजूला त्याच उंचीची नवीन कडी लावून चांगल्या भागाला आरपार बोल्ट, निदान तीन, आणि नवीन कडी स्वतः भिंतीत शिरवायची. तिचं टोक भिंतीत घालताना खाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, टोकाला डांबर नाहीतर कापलेल्या टोकासाठी मिळतं ते वुड प्रिझर्व्हेटिव्ह दोन हात लावा, आणि बाजूला, वर, मागे अर्धा इंच मोकळी जागा सोडा. मिस्त्री लोकांना ती फट बघवत नाही, ते सिमेंटने गच्च भरतात. त्याला उभं राहून सांगा, भरू नको. सिमेंट भिंतीतली ओल धरून कडीच्या टोकाला पाजत राहतं.

लाकूड कोणतं? बाहेरच्या फ्लोअरला माझं उत्तर सागवानच, तेही गाभ्याचं. लकडगंजात गेले की दुकानदार दोन चार प्रकार दाखवेल, सीपी टीक म्हणेल, हे नाव अजून इंग्रजांच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून चालू आहे, राजधानी नागपूर होती तेव्हाचं. बल्लारशा, आलापल्लीच्या बाजूचं लाकूड असेल तर छान. पण नावावर नका जाऊ, फळी हातात घ्या, कडेला पांढुरकी पट्टी किती आहे ते बघा, त्या पांढऱ्याला सागवानाची एकही ताकद नसते, ते आंब्याच्या लाकडासारखंच सडतं. बीजा किंवा ऐनाच्या झाडाचं लाकूड कड्यांना चालतं, स्वस्त पडतं, वजनाला जड. पाइनवूड आणि प्लाय बाहेर अजिबात नको, कोणी मरीन प्लाय म्हटलं तरी नको.

माप असं लावा. फळी तयार सव्वा इंची पाह्यजे तर रंध्याचं धरून दीड इंची चिरून घ्यावी लागते. 64 चौरस फूट गुणिले दीड भागिले बारा, आठ घनफूट, वर एखादं घनफूट वाया जाणार, म्हणजे नऊ. कड्या तीन बाय चार, पाच फुटी, एकेक साधारण 0.42 घनफूट, दीड फुटावर एक म्हणजे 12 नग, सगळ्या बदलल्या तर पाच घनफूट, पण सगळ्या सडल्या नसणार. भाव लाकडाच्या लांबी रुंदीवर बदलतो, लांब रुंद तुकडा महाग, म्हणून 16 फुटी लांब फळी मागूच नका. तसंही फळी गॅलरीच्या लांबीत नाही लावायची, भिंतीकडून बाहेर अशी आडवी चार फुटी लावायची, म्हणजे पाणी सांध्याच्या बाजूने सरळ बाहेर वाहतं. आता तुमच्या कड्या पण भिंतीकडून बाहेरच जातात, मग फळी त्यांच्यावर त्याच दिशेत कशी लागेल? त्याला कड्यांवर आडव्या दोन बाय दोनच्या पट्ट्या, दीड दीड फुटावर, आणि त्या पट्ट्यांवर फळ्या. जुन्या सुतारांनी बऱ्याचदा हे न करता फळ्या लांबीत लावल्या, कमी लाकूड लागतं, पण मग प्रत्येक सांधा पाण्याला आडवा येतो. उंची दोन इंच वाढेल, दाराचा उंबरठा तेवढा उंच आहे का आधी बघा, नसेल तर जुनीच पद्धत ठेवा आणि ढाळ नीट द्या. उंची वाढली की कठडा तेवढाच बुटका होतो, तोही उचलावा लागेल, विसरू नका.

ढाळ फुटाला पाव इंच, चार फुटात एक इंच बाहेरच्या बाजूला. पाणसळीने बघून पट्टीखाली बारीक पाचर देऊन काढायचा. पुढच्या कडेला फळी तुळईच्या बाहेर इंचभर निघू द्या आणि तिच्या पोटाला कडेपासून थोडं आत एक बारीक खाच मारा, पाणी तिथून टपकतं, मागे वळून तुळईत मुरत नाही. एवढीशी खाच, करवतीचे दोन हात, पण तुळई तिच्यावर टिकते.

सांधा नर-मादी ठेवा, म्हणजे एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत बसेल असा, खाली ओट्यावर लोक बसतात म्हणता तर उघडी फट चालणार नाही. रुंदी तीन चार इंचाच्या वर नको. मे महिन्याचं कोरडं लाकूड ऑगस्टमध्ये फुगतं, सहा इंची फळी अडीच तीन मिलिमीटर वाढते, चाळीस फळ्या गच्च ठोकून बसवल्या तर सगळ्या मिळून चार इंचाच्या वर जागा मागतात आणि मधोमध फ्लोअर उचलला जातो, मी पाहिलंय, दार उघडत नव्हतं. म्हणून काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करा, लाकूड आधी आठ दहा दिवस त्याच गॅलरीखाली सावलीत पट्ट्या घालून रचून ठेवा. ऑनलाइन साधा मॉइश्चर मीटर मिळतो, दहा बारा टक्के दाखवलं की बसवा. मे मध्येच करायचं झालं तर फळीफळीत दोन मिलिमीटर सोडा. स्क्रू स्टेनलेसचे, 304 ग्रेडचे, अडीच ते तीन इंची, आधी ड्रिल करून. साधा लोखंडी खिळा सागवानात काळे डाग पाडतो, वर गंजून भोक मोठं करतो, मग त्यातून पाणी.

आणि लावायच्या आधी फळीच्या सहाही बाजूंना तेल, फक्त वरून नाही. विशेषतः कापलेली टोकं, लाकूड पाणी पितं ते टोकातून, आडव्या अंगातून पिण्यापेक्षा कितीतरी पट जास्त. मी जवसाचं उकळलेलं तेल आणि टर्पेंटाइन वापरतो, पहिला हात अर्धं अर्धं, दुसरा घट्ट, मधे दोन दिवस. दर वर्षी दिवाळीच्या सफाईत एक हात मारत राहायचं. वार्निशसारखा चकचकीत थर बाहेर नको, नागपूरच्या उन्हात दोन वर्षात पापड होतो आणि पापडाखाली पाणी साचतं. पण एक गोष्ट फार महत्त्वाची, जवसाचं तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना गरम होतं, बोळा करून ठेवलं तर आपोआप पेट घेतं, आमच्या वर्कशॉपमध्ये मे महिन्यात एका टोपलीतून धूर निघाला होता, जेवायला गेलो असतो तर सगळं गेलं असतं. एकेक फडकं पसरून दोरीवर वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.

सध्या काय करायचं ते पण सांगतो. गॅलरीचं दार आजच बंद करा, कुलूप लावा, आईंना म्हणावं कपडे मागे वाळवा. कूलर काढा. दोन माणसांना वरून नाही, खालून पेचकस घेऊन बघायला सांगा आणि प्रत्येक कडीच्या दोन्ही टोकांचा फोटो पाठवा, 12 कड्या म्हणजे 24 फोटो. त्यावरून किती बदलायच्या ते सांगता येईल. दोन सुतार आणि एक हेल्पर असेल तर लाकूड तयार झाल्यावर आठ दहा दिवसांचं काम आहे, उचलायचं निघालं तर अजून आठवडा. आणि पुढच्या मार्चमध्ये कूलर परत लावाल तेव्हा गॅलरीवर नका ठेवू, लोखंडी स्टँड थेट खालच्या ओट्यावरून उभा करा, टाकीखाली पत्र्याचा ट्रे, ट्रेला पाइप, आणि पाइपाचं तोंड गल्लीतल्या नालीत.